‘बाय’ नेमका कुठे लावायचा: इंग्रजीतल्या दोन अक्षरी शब्दाचा वापर

‘शुक्रवारपर्यंत पैसे द्या’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबा’. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’ आहे. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्याला ‘बाय फ्रायडे’ लागतं आणि दुसऱ्याला ‘टिल फ्रायडे’ किंवा ‘अंटिल फ्रायडे’. ‘वेट बाय फ्रायडे’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला अर्थच लागत नाही. ‘पे टिल फ्रायडे’ म्हटलं तर अर्थ लागतो, पण भलताच: शुक्रवार उजाडेपर्यंत रोज पैसे देत राहा. ‘बाय’चे अर्थ डझनभर आहेत, पण मराठी माणसाचा पाय हमखास घसरतो तो इथे. म्हणून सुरुवात इथूनच करू.

आधी क्रियापद पाहायचं. थांबणं, राहणं, झोपणं, वाट पाहणं, दुकान उघडं असणं या क्रिया लांबत जातात. त्यांच्याबरोबर ‘टिल’. देणं, पोचणं, संपवणं, पाठवणं या एकदा घडल्या की झाल्या. त्यांच्याबरोबर ‘बाय’. शंका आलीच तर मराठी वाक्यातला ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. ‘पाचच्या आत पोचतो’ हे जमतं, म्हणून ‘बाय फाइव’. ‘पाचच्या आत झोपून राहतो’ हे जमत नाही, म्हणून ‘टिल फाइव’.

नकारार्थी वाक्यात हा फरक आणखी टोकदार होतो. ‘आय वोन्ट फिनिश बाय फाइव’ म्हणजे पाच वाजले तरी काम झालेलं नसेल, कधी होईल ते सांगितलेलं नाही. ‘आय वोन्ट फिनिश टिल फाइव’ म्हणजे पाचच्या आधी होणार नाही, पण पाचला होईल. पहिल्या वाक्यात मुदत चुकल्याची कबुली आहे, दुसऱ्यात वेळ दिली आहे. कामाच्या ईमेलमध्ये यांची अदलाबदल झाली तर समोरचा चुकीच्या वेळी वाट बघत बसतो.

‘बाय’ला काळाचा एक बिंदू लागतो: वार, तारीख, वाजलेली वेळ किंवा एखादी घटना. कालावधी चालत नाही. ‘दोन दिवसांत पाठवतो’साठी ‘बाय टू डेज’ हे चूक आहे. तिथे ‘विदिन टू डेज’ म्हणायचं. ‘इन टू डेज’ही म्हणतात, पण त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘आजपासून दोन दिवसांनी’ असा घेतला जातो. मुदतच सांगायची असेल तर ‘विदिन’ बरा.

‘बाय फ्रायडे’त सर्वसाधारणपणे शुक्रवार धरलेला असतो. पण शुक्रवारी सकाळी की रात्री, हे त्यातून कळत नाही. पैशांचा किंवा कराराचा मामला असेल तर वेळही लिहा: ‘बाय 5 पीएम ऑन फ्रायडे’. नुसता दिवस द्यायचा असेल तर ‘ऑन ऑर बिफोर’ लिहा, म्हणजे तो दिवस मुदतीत येतो की नाही यावर वाद उरत नाही.

या ‘बाय’मागोमाग काळाचं रूपही बदलतं. त्या बिंदूला काम उरकलेलं असेल, असं म्हणायचं असतं, म्हणून पुढच्या गोष्टीसाठी ‘विल हॅव’ आणि मागच्या गोष्टीसाठी ‘हॅड’ येतं. ‘बाय टेन, शी विल हॅव लेफ्ट’: दहापर्यंत ती निघून गेलेली असेल. ‘बाय द टाइम वी अराइव्ह्ड, द ट्रेन हॅड लेफ्ट’: आपण पोचलो तोवर गाडी सुटली होती. यात एक खाच आहे. भविष्याबद्दल बोलताना ‘बाय द टाइम’च्या लगेच पुढच्या तुकड्यात ‘विल’ येत नाही. ‘बाय द टाइम यू विल कम’ नव्हे, ‘बाय द टाइम यू कम’.

आता ‘ने’कडे वळू. मराठीतला हा एक प्रत्यय इंग्रजीत चार-पाच वाटांनी फुटतो आणि त्यातल्या काहीच वाटा ‘बाय’कडे जातात.

कर्ता सांगायचा असेल तर ‘बाय’, हत्यार किंवा साधन हातात धरून वापरलं असेल तर ‘विथ’. ‘द ब्रेड वॉज कट बाय हर विथ अ नाइफ’: कापणारी ती, सुरी तिच्या हातातली. ‘द विंडो वॉज ब्रोकन बाय अ स्टोन’ म्हटलं की दगड कुठूनतरी येऊन आदळला, फेकणारा कोणी असलाच तर तो चित्रात नाही. ‘विथ अ स्टोन’ म्हटलं की कोणीतरी दगड उचलून काच फोडली. एका शब्दाने अपघाताचा गुन्हा होतो, म्हणून तक्रार लिहिताना हा फरक जपायलाच हवा.

कारण सांगणाऱ्या ‘ने’ला सहसा ‘बाय’ लागत नाही. तापाने गेला: ‘डाइड ऑफ फीव्हर’. थंडीने कुडकुडत होता: ‘शिव्हरिंग विथ कोल्ड’. लाकडाने बनवलेलं टेबल ‘मेड ऑफ वुड’, आणि ‘मेड बाय’च्या पुढे बनवणाऱ्याचं नाव. लग्नाला तर ‘बाय’ नाही आणि ‘विथ’ही नाही: ‘मॅरीड टु’.

प्रवासाचा ‘ने’ मात्र थेट ‘बाय’ आहे: बाय बस, बाय ट्रेन, बाय सी, बाय एअर. अट एकच, वाहनाचं नाव एकवचनी आणि उघडं हवं. त्याआधी ‘अ’, ‘द’, ‘माय’ काहीही आलं की ‘बाय’ सुटतो. ‘बाय कार’ बरोबर, ‘बाय माय कार’ चूक. तिथे ‘इन माय कार’. बस आणि रेल्वेला ‘ऑन’: ‘ऑन द बस’. पायी जायला वाहन नाही, म्हणून ‘ऑन फूट’, आणि घोड्यावरून ‘ऑन हॉर्सबॅक’. निरोप आणि पैसे पाठवण्यालाही हीच चाल: बाय पोस्ट, बाय ईमेल, बाय चेक, बाय कार्ड. रोखीला मात्र रूढ प्रयोग ‘इन कॅश’ असा आहे.

फरक किती, हे सांगणारा ‘नी’ही ‘बाय’च. ‘किंमत 20 टक्क्यांनी वाढली’: ‘रोज बाय 20 पर्सेंट’. ‘बाय’ वाढ सांगतो, ‘टु’ शेवटी कुठे पोचलं ते सांगतो. 100 ची किंमत ‘बाय 20’ वाढली तर 120 होते. 100 ची किंमत ‘टु 20’ वाढू शकत नाही, पण ‘फेल टु 20’ म्हणजे ती 20 वर आली, आणि ‘फेल बाय 20’ म्हणजे 80 वर. अहवालात हा एक शब्द चुकला की सगळा आलेख चुकतो. क्रिकेटमध्येही हाच ‘बाय’: ‘वन बाय 20 रन्स’ म्हणजे प्रतिस्पर्ध्यापेक्षा 20 धावा जास्त, आणि ‘वन बाय 6 विकेट्स’ म्हणजे पाठलाग पुरा झाला तेव्हा हातात 6 गडी शिल्लक. मोजून देण्याघेण्यातही तो येतो, पण तिथे ‘द’ हवाच: ‘पेड बाय द अवर’, ‘सोल्ड बाय द किलो’.

गणितात जरा जपून. ‘टेन बाय ट्वेल्व’ची खोली म्हणजे 10 फूट रुंद, 12 फूट लांब. ‘मल्टिप्लाय बाय’ आणि ‘डिव्हाइड बाय’ही ठीक. पण तीन छेद चारला आपण ‘थ्री बाय फोर’ म्हणतो, आणि बाहेरचा इंग्रजी बोलणारा ते लांबी-रुंदी समजून बसतो. त्याच्यासाठी ‘थ्री क्वार्टर्स’ किंवा ‘थ्री ओव्हर फोर’. भागाकारात ‘बाय’ आणि ‘इनटू’ उलटसुलट चालतात: ‘12 डिव्हायडेड बाय 4’ चं उत्तर 3, आणि तेच विचारायला ‘4 इनटू 12’. आपण गुणाकारालाही ‘इनटू’ म्हणतो, त्यामुळे घोळ वाढतो. गुणाकाराला ‘टाइम्स’ म्हणायची सवय लावून घेतली की तो मिटतो.

‘करून’ या रूपाचंही असंच आहे. ‘बटण दाबून दार उघडा’ आणि ‘हात धुऊन जेवा’ मराठीत एकाच साच्यातली वाक्यं. पहिल्यात दाबणं ही उघडण्याची रीत आहे: ‘ओपन द डोअर बाय प्रेसिंग द बटन’. दुसऱ्यात धुणं ही जेवणाची रीत नव्हे, ते फक्त आधी करायचं काम आहे: ‘वॉश युअर हँड्स अँड देन ईट’. ‘ईट बाय वॉशिंग हँड्स’ म्हणजे हात धुण्याच्या क्रियेतूनच जेवण होतं, असा विचित्र अर्थ. कसोटी सोपी आहे. ‘कसं?’ या प्रश्नाला ‘करून’ उत्तर देत असेल तर ‘बाय’, ‘आधी काय?’ या प्रश्नाला देत असेल तर ‘आफ्टर’ किंवा ‘अँड देन’. ‘बाय’नंतर क्रियापदाला ‘इंग’ लागलंच पाहिजे. ‘बाय प्रेस’ नाही आणि ‘बाय टु प्रेस’ही नाही. आणि रीत ज्याची, तोच वाक्याचा कर्ता ठेवावा. ‘बाय प्रेसिंग द बटन, द डोअर ओपन्स’ या वाक्यात बटण जणू दारच दाबतं. बोलताना खपतं, लेखी सूचनेत खटकतं.

‘वरून’लाही ‘बाय’ मिळतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आवाजावरून ओळखलं: ‘न्यू हिम बाय हिज व्हॉइस’. कपड्यांवरून पारख करू नका: ‘डोन्ट जज बाय क्लोद्स’. माझ्या घड्याळात पाच झालेत: ‘इट्स फाइव बाय माय वॉच’.

जागेचा ‘बाय’ सर्वांत जुना आणि सर्वांत सोपा: अगदी लगत. ‘बाय द विंडो’ म्हणजे खिडकीला लागून. ‘निअर’ त्याहून सैल आहे. ‘बाय द सी’ घर किनाऱ्यावर असतं, ‘निअर द सी’ घर तीन किलोमीटर आतही असू शकतं. जुन्या इंग्रजीतल्या ‘बी’पासून तो आलाय, अर्थ ‘जवळ’. जर्मनमधला ‘बाय’ आणि डचमधला ‘बै’ त्याचे सख्खे भाऊ. ‘बिफोर’, ‘बिलो’, ‘बिसाइड’, ‘बिट्वीन’ यांच्या सुरुवातीचा ‘बि’ हे त्याचंच झिजलेलं रूप, आणि ‘बिकॉज’ म्हणजे मुळात ‘बाय कॉज’, कारणाने. बाकीचे अर्थ या ‘जवळ’मधूनच फुटले असं धरलं की ते लक्षात ठेवणं बरंच हलकं होतं.

जे दिसायला सारखे पण नात्याने परके आहेत, त्यांना वेगळं ठेवा. ‘गुडबाय’ हा ‘गॉड बी विथ यी’चा आक्रसलेला आकार. ‘डर्बी’, ‘ग्रिम्सबी’ या इंग्लंडमधल्या गावांच्या नावातला ‘बी’ उत्तरेकडून आलेल्या लोकांच्या भाषेतला, अर्थ वस्ती. क्रिकेटमधला अवांतर धावेचा ‘बाय’ मात्र घरचाच, फक्त शेवटी ‘ई’ जोडून लिहिला जातो.

ठरावीक जोड्या तर्काने सुटत नाहीत, त्या तशाच उचलायच्या. चुकून ‘बाय मिस्टेक’, पण मुद्दाम ‘ऑन पर्पज’. एकट्याने किंवा कुणाच्या मदतीविना ‘बाय मायसेल्फ’. पाठ करणं ‘लर्न बाय हार्ट’. ‘बाय ऑल मीन्स’ म्हणजे ‘जरूर, खुशाल’. कोणत्याही मार्गाने असं म्हणायचं असेल तर ‘बाय एनी मीन्स’, आणि ‘बाय नो मीन्स’ म्हणजे मुळीच नाही. ‘बाय फार’ तुलनेच्या टोकालाच शोभतो: ‘बाय फार द बेस्ट’ चालेल, ‘बाय फार गुड’ नाही. ‘बाय अँड लार्ज’ शिडाच्या जहाजांवरून आलं. वाऱ्याच्या जमेल तितकं समोर जाणं ‘बाय’, वारा पाठीमागून घेऊन जाणं ‘लार्ज’. दोन्ही मिळून एकंदरीत.

क्रियापदाला चिकटलेला ‘बाय’ही तसाच: ‘स्टँड बाय’ पाठीशी उभं राहणं, ‘गेट बाय’ कसंबसं भागवणं, ‘ड्रॉप बाय’ सहज डोकावणं, ‘अबाइड बाय’ पाळणं. ‘कम बाय’ म्हणजे मिळणं, आणि ते बहुधा ‘हार्ड टु कम बाय’, म्हणजे सहजी न मिळणारं, याच रूपात भेटतं.

लिहिताना तीन शब्दांचा उच्चार एकच आहे हे विसरू नका: ‘बी-वाय’ हा आपला शब्द, ‘बी-यू-वाय’ विकत घेणं, ‘बी-वाय-ई’ निरोप घेणं. स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर ही चूक अनेकदा सोडून देतं, कारण तिन्ही शब्द खरेच आहेत. आणि वाटसरूंचं अनेकवचन करताना ‘एस’ पहिल्या शब्दाला लागतो: एक ‘पासर-बाय’, दोन ‘पासर्स-बाय’.