फ्रेंच-कॅनेडियन घराण्याचा मूळपुरुष कसा शोधावा

फ्रान्समधून कॅनडात आलेल्या पहिल्या पूर्वजाच्या या शोधात आडनावाच्या मागे धावू नये. एका विवाहनोंदीवरून तिच्या आधीच्या पिढीच्या विवाहनोंदीकडे जावे. क्वेबेकमधील कॅथलिक चर्चच्या नोंदवह्यांत वधूवरांच्या आईवडिलांची नावे बहुधा लिहिलेली असतात आणि आईचे माहेरचे आडनावही तिथेच मिळते, त्यामुळे पुढे कोणते जोडपे शोधायचे हे त्याच पानावर कळते. पुनर्विवाहाच्या नोंदीत मात्र पुष्कळदा दिवंगत जोडीदाराचेच नाव असते. अशा वेळी पहिला विवाह शोधावा.

सर्वांत जास्त घोटाळा जोडनावांमुळे होतो. मूळ आडनावानंतर 'दी', म्हणजे 'ऊर्फ', लिहून दुसरे नाव जोडण्याची रीत तिथे फार रूढ होती. १६६५ साली फ्रान्समधून आलेल्या कारिन्यां-सालियेर या लष्करी पलटणीतील अनेक शिपायांची लष्करी टोपणनावे पुढे वंशजांची आडनावे झाली, आणि सख्ख्या भावांपैकी एकाने मूळ नाव चालवले तर दुसऱ्याने जोडनाव, असेही घडले. अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांत तर फ्रेंच आडनावाचे इंग्रजी भाषांतर होऊन बुआव्हेरचे ('हिरवे रान') ग्रीनवुड झालेले आढळते. म्हणून दोन्ही नावांनी शोध घ्यावा.

एखाद्या विवाहनोंदीत वराचे आईवडील फ्रान्समधील अमुक पॅरिशचे (एका चर्चच्या हद्दीतील वस्तीचे) आणि अमुक धर्मप्रांताचे आहेत असे लिहिलेले आढळले, तर स्थलांतर करून आलेला पूर्वज बहुधा सापडला असे समजावे. मात्र काही जण लग्न करूनच आले होते: झाकारी क्लूतिए हा सुतार १६३४ साली कुटुंबासह आला, पण त्याचे लग्न १६१६ सालीच फ्रान्सच्या पर्श प्रांतातील मोर्तान्य येथे झाले होते. शिवाय क्वेबेक शहरातील आरंभीच्या नोंदवह्या १६४० च्या आगीत जळाल्या आणि नंतर आठवणींवरून पुन्हा लिहिल्या गेल्या. अशा ठिकाणी नोटरीपुढे झालेले विवाहकरार आणि १६६६, १६६७ व १६८१ च्या जनगणना उपयोगी पडतात; जनगणनेतील वय तेवढे अंदाजे मानावे.

आईकडील शाखाही सोडू नयेत, कारण १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सच्या राजाच्या खर्चाने आलेल्या सुमारे ८०० तरुणींपैकी कोणीतरी तिथे भेटण्याची शक्यता मोठी असते.

क्वेबेकचे धर्मगुरू सिप्रियां तांगे यांचा १८७१ ते १८९० मधील सात खंडांचा वंशकोश वाट दाखवतो, पण त्यात चुका आहेत. प्रत्येक दुवा मूळ नोंदीशी ताडून पाहावा. शेवटी फ्रान्समधील बाप्तिस्म्याची नोंद मिळाली, तरी दोन्ही पालकांची नावे आणि पॅरिश जुळल्याखेरीज ती आपल्याच पूर्वजाची मानू नये.