रोपवे सतत ट्रिप होतोय, म्हणजे आपोआप थांबतोय? सेन्सरमधला फॉल्ट असा शोधा

पावसाळा सुरू झाला की रोपवेच्या कंट्रोल रूममध्ये एक प्रकार ठरलेला असतो, पॅनलवर लाल दिवा लागतो, दोर थांबतो, बाहेर लाईन चांगली दिसते आणि कुणीतरी म्हणतं सेन्सर खराब झालाय, रिसेट मारा. तसं करू नका. आधी अलार्म खरा आहे असंच धरून चालायचं. प्रवासी लाईनवर असतील तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने, इन्चार्जच्या परवानगीने, हळू स्पीडला, लाईनवर नजर ठेवून त्यांना आधी स्टेशनात आणायचं. मग दुर्बिणीने एकेक टॉवर बघायचा, दोर पुलीच्या खाचेत नीट बसलाय का, फांदी वगैरे अडकलीय का. दोर जागेवर आहे ही खात्री झाली की मगच वायरिंगकडे वळा.

त्याआधी फॉल्टची हिस्टरी काढा. याने निम्मं काम होतं, तरी लोक नेमकं हेच टाळतात. ट्रिप कधी झाला, वारा किती होता, पाऊस होता का, आणि कुठली केबिन कुठे होती. एकच केबिन जाताना ट्रिप होत असेल तर त्या केबिनच्या ग्रिपकडे, म्हणजे दोराला धरणाऱ्या पकडीकडे बघा, केबिन कुठलीही असो पण एकाच टॉवरपाशी होत असेल तर तिथली पुली, ब्रॅकेट किंवा सेन्सर, आणि पाऊस पडल्यावर सुरू होऊन उन्हात आपोआप बंद होत असेल तर बहुतेक पाणीच शिरलंय.

आता लाईनचं सेफ्टी सर्किट. बऱ्याच रोपवेत ते दिवाळीच्या जुन्या माळेसारखं असतं, सगळ्या टॉवरवरचे स्विच एका ओळीत, एक उघडला की सगळंच बंद. पुलीजवळ ब्रिटल बार असतो, दोर घसरून त्याच्यावर आला की तो मुद्दाम तुटतो आणि सर्किट उघडतं. शोधताना ड्रॉइंग हातात घ्या, ड्राइव्ह, म्हणजे दोर फिरवणारी यंत्रणा, लॉक करून टॅग लावा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा, टॉवरवर हार्नेस आणि वॉकीटॉकीशिवाय कुणी चढायचं नाही. पहिल्या टॉवरपासून क्रमाने जाऊ नका. स्टेशनमधला सप्लाय आणि फ्यूज बघा, मग थेट मधल्या टॉवरचा जंक्शन बॉक्स, म्हणजे वायरी जोडलेला डबा, उघडा. समजा 24 व्होल्टचं सर्किट आहे आणि 16 टॉवर आहेत. आठव्यावर 24 मिळाले तर तुटलेली जागा पुढे, नाही मिळाले तर मागे. परत उरलेल्याचा मध्य. असं चारेक मापांत बिघाडाचा टॉवर सापडतो, नाहीतर दिवसभर चढउतार.

बॉक्समध्ये काय बघायचं तर टर्मिनलवर हिरवट थर, ढिला स्क्रू, केबल आत शिरते तिथल्या ग्लँडमधून आलेलं पाणी, उंदराने कुरतडलेली केबल. केबल मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, तपासायची असेल तर आधी दोन्ही टोकांची इलेक्ट्रॉनिक कार्डं सोडवा, 500 व्होल्ट गेले की कार्ड संपलं. प्रॉक्सिमिटी सेन्सरवर, म्हणजे न शिवता जवळचं लोखंड ओळखणाऱ्या सेन्सरवर, संशय असेल तर समोर लोखंडी पट्टी धरा, त्याच्यावरचा दिवा बदलला तर सेन्सर ठीक आहे, अंतर बिघडलंय. पण अंतर नुसतं ॲडजस्ट करून खाली उतरू नका, ते का बदललं ते शोधा, कारण पुलीचं रबर किंवा बेअरिंग झिजल्यामुळे दोरच सरकला असू शकतो.

वाऱ्याच्या मीटरचा बिघाड मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो गप्प असतो. बेअरिंग जाम झालं की स्क्रीनवर वारा शून्य आणि बाहेर झाडं वाकलेली. 4 ते 20 मिलिअँपचा सिग्नल असेल तर 4 म्हणजे वारा नाही आणि 4 च्या बरंच खाली म्हणजे वायर तुटली, हा फरक पक्का ठेवा. 0 ते 50 मीटर प्रतिसेकंदाच्या मीटरला 12 मिलिअँप म्हणजे 25, म्हणजे ताशी 90 किलोमीटर. हातातल्या मीटरशी रोज ताडून बघा. जून 2017 मध्ये गुलमर्गला जोराच्या वाऱ्यात झाड उन्मळून गोंडोलावर, म्हणजे तिथल्या रोपवेवर आलं, सात जण गेले. वारा इतकं करू शकतो.

स्पीडचे दोन सेन्सर वेगळं दाखवत असतील, मोटरवरचा एक आणि मोठ्या चाकावरचा दुसरा, तर लगेच सेन्सर बदलू नका. मधला गिअरबॉक्स किंवा कपलिंग घसरत असेल तरी असंच दिसतं.

जंपर मारून, म्हणजे सेन्सर किंवा स्विच वगळून वायर थेट जोडून, प्रवासी चालवणं कधीच नाही, मग बाहेर सुट्टीची कितीही गर्दी असू दे. इटलीत मोत्तारोनेला इमर्जन्सी ब्रेक सारखा लागून त्रास देत होता म्हणून तो लागूच नये असे चिमटे लावून केबिन चालवली, 23 मे 2021 ला ओढणारा दोर तुटला, ब्रेक लागला नाही आणि 14 माणसं मेली. शोधताना जंपर लावावाच लागला तर लाल टॅग लावायचा, वहीत नोंद करायची, आणि तो निघेपर्यंत एकही प्रवासी आत घ्यायचा नाही.

दुरुस्ती झाल्यावर नुसता हिरवा दिवा बघून काम संपवू नका. रिकामा दोर हळू चालवा, दुरुस्त केलेल्या टॉवरचं सर्किट मुद्दाम उघडा, दोर थांबला का, पॅनलवर तोच टॉवर दाखवला का ते बघा. जवळच्या दोन-तीन टॉवरवरही तेच करा. मग सगळ्या केबिन रिकाम्या एक पूर्ण फेरी, वहीत जुनं आणि नवं रीडिंग, दोघांच्या सह्या, आणि त्यानंतर तिकीट खिडकीला सांगायचं.