उंटावर बसण्यापूर्वी या चुका टाळा

दर डिसेंबरमध्ये बेळगाव, निपाणीकडची वीस-पंचवीस मंडळी घेऊन मी जैसलमेरला जातो आणि तेथून 40 किलोमीटरवरील सम येथील वाळूच्या टेकड्यांवर दर वर्षी तेच पाहतो : उंट उठण्याच्या नेमक्या वेळी आमच्यापैकी कोणीतरी फोन काढून स्वतःचा फोटो घेत असतो. उंट आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार पुढे फेकला जातो आणि तो सावरतो न सावरतो तोच पुढचे पाय उठून त्याला मागे ढकलतात. गेल्या खेपेस खानापूरच्या एका मामांना मी दोनदा विनवले, "मामा, फोन खिशात घाला, दोन्ही हातांनी खुंटी धरा."

"अरे, मी शर्यतीची बैलगाडी पळवलीय," मामा म्हणाले. पुढच्या क्षणी फोन वाळूत गेला आणि मामांची हनुवटी खोगिराच्या खुंटीवर आपटली. नंतरचे दोन दिवस त्यांनी बाटी डाळीत भिजवून खाल्ली. आता सर्वांचे फोन माझ्या पिशवीत जमा झाल्याशिवाय मी कोणालाही उंटावर चढू देत नाही. उतरतानाही मागेच रेलावे, कारण बसताना उंट पुढचे गुडघे आधी टेकतो.

दुसरी चूक खास आपल्याकडची. "बेळगावच्या माणसाला थंडीचे काय सांगता?" असे म्हणत मंडळी स्वेटर घरीच ठेवतात. आपल्याकडची थंडी दमट मातीची आणि झाडीची असते. तेथे हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली वाळू सूर्य मावळताच झपाट्याने निवते आणि जानेवारीत पारा कधी कधी 5 अंशांच्या आसपास येतो. कानटोपी न्यावीच.

आखूड चड्डी घालू नये. उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत डुलत चालतो आणि मांड्या सोलून निघतात. फेरी किती वेळाची, हे चढण्याआधी ठरवावे, नाहीतर वीस मिनिटांत उतरवतात.

घाई नसलेल्यांनी समऐवजी खुरी गावाकडे जावे, तेथे गर्दी कमी असते. त्यासाठी एक मुक्काम वाढवावा लागतो. पण आमच्या मंडळींनी जोधपूरहून परतीची तिकिटे आधीच काढलेली असतात.