कंटेनरमधल्या पीएचपीत व्हिडिओ-प्रक्रिया बसवताना

शिक्षकांनी मोबाइलवर चित्रित केलेले तास संकेतस्थळावर चढवता यावेत आणि विद्यार्थ्यांना ते साध्या फोनवरही पाहता यावेत, असे काम माझ्याकडे आले तेव्हा लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमधून, व्हिडिओचे रूपांतर करणाऱ्या एफएफएमपेग या प्रोग्रॅमची एक आज्ञा चालवली की झाले, अशी माझी समजूत होती. लॅपटॉपवर ती आज्ञा चालत होती, पण डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त वातावरणात, चालणाऱ्या अ‍ॅपमधून दर वेळी १२७ हा एक्झिट कोड येई, म्हणजे असा प्रोग्रॅमच सापडत नव्हता. पीएचपीच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये, म्हणजे कंटेनर ज्या साच्यावरून उभा राहतो त्यात, एफएफएमपेग नसते. मी ते चालू कंटेनरमध्ये शिरून बसवले आणि कंटेनर नव्याने उभा राहताच ते गेले. ते इमेज कशी बनवायची हे सांगणाऱ्या डॉकरफाइलमध्येच लिहावे लागते: डेबियन या लिनक्सवरची इमेज असेल तर एप्ट-गेट या आज्ञेने, अल्पाइन लिनक्सवरची असेल तर एपीकेने.

अपलोडच्या मर्यादा आधीच वाढवून ठेवाव्यात. मुळात एनजिनएक्स हा वेब सर्व्हर १ एमबीपेक्षा मोठी विनंती ४१३ (विनंती फार मोठी) हा कोड देऊन परत पाठवतो, आणि पीएचपी एका फाइलला २ एमबी व संपूर्ण पोस्टला ८ एमबी एवढीच परवानगी देते.

खरा प्रश्न रूपांतर कुठे चालवायचे हा आहे. मी ते सुरुवातीला वेब विनंतीतच चालवले, आणि ६० सेकंदांनी एनजिनएक्सने ५०४ (वेळ संपला) हा कोड दिला. मी पीएचपीची वेळमर्यादा वाढवत बसलो. परंतु बाहेरच्या प्रोग्रॅमची वाट पाहण्यात गेलेला वेळ लिनक्सवर त्या मर्यादेत मोजलाच जात नाही, त्यामुळे त्या खटपटीचा उपयोग नव्हता. काम रांगेत टाकून ते वेगळ्या वर्कर कंटेनरकडे, म्हणजे रांगेतली कामे मागे उरकणाऱ्या कंटेनरकडे, सोपवणे, हाच माझ्या मते योग्य मार्ग आहे. हा वर्कर वेबच्याच इमेजवरून उभा करावा आणि दोघांना एकच व्हॉल्यूम (सामायिक साठवणीची जागा) जोडावा, नाहीतर फाइलचा पाथ बरोबर असूनही वर्करला फाइल दिसत नाही. एक इमेज डेबियनची आणि दुसरी अल्पाइनची ठेवली तर परवानग्यांचाही घोळ होतो, कारण वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याचा क्रमांक पहिलीत ३३ तर दुसरीत ८२ असतो.

सर्वांत जास्त दिवस मला एका वेगळ्याच दोषाने खाल्ले. मी कामाची कालमर्यादा अर्ध्या तासापर्यंत वाढवली होती, पण रांगेतले काम पुन्हा देण्याची मुदत मूळच्या ९० सेकंदांवरच राहिली होती. त्यामुळे पहिला वर्कर रूपांतर करत असतानाच दुसऱ्यानेही तेच काम उचलले आणि दोघे एकाच फाइलवर लिहू लागले. ही मुदत कामाच्या कालमर्यादेपेक्षा नेहमी जास्त हवी.

आज्ञेत तीन गोष्टी मी कधीही वगळत नाही. पिक्सेलचे स्वरूप ४:२:० (रंगाची माहिती कमी तपशिलात साठवणारे) ठेवतो, कारण इतर स्वरूपांतले एच.२६४ या पद्धतीने आकसलेले व्हिडिओ अनेक फोनना उलगडता येत नाहीत. उंची ७२० देऊन रुंदीच्या जागी उणे दोन लिहितो, म्हणजे रुंदी समसंख्येतच येते. विषम आली तर एन्कोडर काम नाकारतो. फास्टस्टार्ट या पर्यायाने फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि पूर्ण फाइल उतरण्याआधीच चित्र सुरू होते.

१३७ हा कोड दिसला तर प्रक्रिया सक्तीने मारली गेली असे समजावे आणि आधी स्मृती तपासावी. एफएफएमपेग ही स्वतंत्र प्रक्रिया असल्याने तिला पीएचपीची स्मृतिमर्यादा लागू होत नाही, कंटेनरची लागू होते. मी एफएफएमपेगचे थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) दोनवर आणले आणि एका वेळी एकच रूपांतर ठेवले. तासभराच्या चित्रफितीला वेळ जास्त लागू लागला, पण त्यानंतर एकही काम अर्धवट राहिले नाही.