घरबसल्या एआयची पदवी: या चुका टाळा

वर्गात एखादी गोष्ट कळली नाही की शिक्षकांना ती आपल्या चेहऱ्यावर दिसते. ते थांबतात, फळ्यावर पुन्हा लिहितात, नाहीतर शेजारचा तरी हळूच समजावून सांगतो. दूरशिक्षणात आपला चेहरा कोणालाच दिसत नाही. व्हिडिओ पुढे सरकत राहतो आणि न कळलेली गोष्ट कळल्यासारखी वाटून मागे पडते. ती उघडी पडते ती थेट असाइनमेंटच्या रात्री, नाहीतर परीक्षेत.

नोकरी सांभाळून मी एआयचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असाच घरून पूर्ण केला. पहिल्या सत्रात दोन विषय घेतले होते, त्यातला एक सोडावा लागला. विषय माझ्या आवाक्याबाहेरचा नव्हता. आपल्याला काय येत नाही हे मला फार उशिरा कळत होतं. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तेच आहे. दुरून शिकताना लोक अर्ध्यावर गळतात हे काही नवं नाही. २०११ मध्ये सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्डचा एआयचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवलं आणि शेवटपर्यंत पोहोचले साधारण २३,०००. फुकटच्या खुल्या अभ्यासक्रमाची आणि फी भरून घेतलेल्या पदवीची तुलना होत नाही, पण एकट्याने अभ्यास रेटणं किती अवघड असतं ते या आकड्यांवरून दिसतं.

गणित लागेल तेव्हा बघू

लिनिअर अल्जेब्रा, संभाव्यता आणि कॅल्क्युलस यांची ओळख अपेक्षित आहे, असं एक वाक्य माहितीपत्रकात असतंच. आपण ते वाचून पुढे जातो, कारण हे सगळं कॉलेजात झालेलं असतं. पण तेव्हा झालेलं आज कागदावर उतरेलच असं नाही. प्रवेश घेण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि कागद-पेन घेऊन बसा. ३ ओळी आणि ४ स्तंभांच्या मॅट्रिक्सला ४ ओळी आणि २ स्तंभांच्या मॅट्रिक्सने गुणलं, तर उत्तराचा आकार काय येईल आणि का? फलनाच्या पोटात दुसरं फलन असेल तर त्याचं डेरिव्हेटिव्ह साखळी नियमाने काढता येतं का?

आणि हा तिसरा प्रश्न. हजारात एकाला होणारा एक आजार आहे. त्याची चाचणी आजारी माणसांपैकी ९९ टक्के जणांना बरोबर पकडते, पण निरोगी माणसांपैकी ५ टक्के जणांनाही आजारी ठरवते. चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला खरोखर आजार असण्याची शक्यता किती? मनात ९५ किंवा ९९ टक्के आलं असेल तर संभाव्यतेपासून सुरुवात करा. १,००,००० माणसं धरली तर आजारी १००, त्यातले पॉझिटिव्ह ९९. निरोगी ९९,९००, त्यातले पॉझिटिव्ह ४,९९५. म्हणजे एकूण ५,०९४ पॉझिटिव्हांमध्ये खरे आजारी ९९, जेमतेम २ टक्के. बेजचा नियम तो हाच, आणि अभ्यासक्रमात तो निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटतो.

याच्या उलट चूकही होते. आधी गणित पक्कं करू म्हणून सहा महिने त्यातच घालवायचे आणि मुख्य विषयाला हातच लावायचा नाही. गणित वापरात आलं की पक्कं होतं. सत्र सुरू होण्याआधी चार आठवडे उजळणी करा, पुढचं विषयाबरोबर चालू द्या.

व्हिडिओ पाहिला म्हणजे अभ्यास झाला

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून इथे जरा थांबते. दीडपट वेगाने लेक्चर पाहिलं, शिक्षकाचा हात फिरताना दिसला, प्रत्येक पायरी पटली. मनाला वाटतं, आलं. हे वाटणं फसवं आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. आपण स्वतःला तपासतो ते पाच मिनिटांनी, परीक्षा येते ती काही महिन्यांनी.

म्हणून व्हिडिओ संपला की खिडकी बंद करा, कोरा कागद घ्या आणि सर्वांत लहान उदाहरण स्वतः सोडवा. बॅकप्रोपगेशनसाठी, म्हणजे चूक मागे नेऊन मॉडेलची वजनं सुधारण्याच्या पद्धतीसाठी, मी काय केलं ते दाखवते. एकच न्यूरॉन (इनपुटला वजनाने गुणून उत्तर देणारा छोटा घटक), एकच वजन. इनपुट २, वजन ०.५, अपेक्षित उत्तर ३. न्यूरॉनचं उत्तर २ गुणिले ०.५, म्हणजे १. चूक उणे २, तिचा वर्ग ४, हा झाला लॉस. आता ग्रेडियंट, म्हणजे वजन जरासं बदललं तर लॉस किती वेगाने बदलतो: २ गुणिले उणे २ गुणिले इनपुट २, म्हणजे उणे ८. लर्निंग रेट, म्हणजे एका पावलात वजन किती हलवायचं ते ठरवणारा आकडा, ०.१ घेतला तर नवं वजन ०.५ अधिक ०.८, म्हणजे १.३. उत्तर २.६ येतं आणि लॉस ४ वरून ०.१६ वर उतरतो. आता हेच लर्निंग रेट ०.५ घेऊन करा. वजन ४.५, उत्तर ९, लॉस ३६! एक पाऊल टाकलं आणि नऊपट वाईट जागी पोहोचलो. लर्निंग रेट मोठा झाला की लॉस का उसळतो, हे त्या दिवशी मला हातून कळलं आणि ते परत विसरले नाही.

हा कागद जपून ठेवा, तो पुढे कोड तपासायला लागतो. वजन ०.५०१ घेतलं तर लॉस ३.९९२००४, आणि ०.४९९ घेतलं तर ४.००८००४. दोन्हींतला फरक ०.००२ ने भागा, बरोबर उणे ८ येतो. तुमच्या कोडमधला ग्रेडियंट या पद्धतीने काढलेल्या आकड्याशी जुळला नाही, तर मॉडेल ट्रेन करायला घेऊच नका.

सर्चच्या विषयातही लहान उदाहरणच चूक पकडून देतं. ए-स्टार हा सर्वांत स्वस्त रस्ता शोधणारा अल्गोरिदम १९६८ चा, दिसायला सरळ, म्हणून त्यावरून घाईने पुढे जायला होतं. नेहमीची चूक अशी: ध्येयाचा नोड (म्हणजे ठिकाण) पुढे तपासायच्या ठिकाणांच्या रांगेत टाकला जाताच शोध थांबवायचा. तीन ठिकाणं घ्या. सुरुवातीपासून ध्येयाकडे थेट रस्ता १० चा, आणि मधल्या ठिकाणावरून २ अधिक ३, म्हणजे ५ चा. रांगेत टाकताक्षणी थांबलात तर उत्तर १० येईल. नोड रांगेतून बाहेर काढताना तपासलंत तर ५. ह्युरिस्टिक (ध्येयापर्यंतच्या अंतराचा अंदाज) खऱ्या अंतरापेक्षा जास्त सांगत असेल तरीही असंच महाग उत्तर मिळू शकतं. मोठ्या नकाशावर ही चूक दिसत नाही, कारण रस्ता सापडलेला असतो आणि तो बरोबरच असणार असं आपण धरून चालतो.

कोड चालतोय म्हणजे बरोबर आहे

नेहमीच्या प्रोग्रामिंगमध्ये चूक झाली की बहुतेक वेळा एरर येते. मशीन लर्निंगमध्ये चुकीचा कोडही शांतपणे शेवटपर्यंत चालतो. पहिल्या सत्रात माझ्या तीन रात्री अशाच गेल्या. नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) लिहिलेलं साधं रिग्रेशन, म्हणजे आकड्याचा अंदाज करणारं मॉडेल, होतं. लॉस सुरुवातीला उतरायचा आणि मग एका आकड्यावर अडून बसायचा. लर्निंग रेट बदलला, थर वाढवले, जास्त वेळ ट्रेन केलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी प्रत्येक अ‍ॅरेचा शेप (किती ओळी, किती स्तंभ) छापून पाहिला. मॉडेलचं उत्तर १०० ओळी आणि १ स्तंभ असं होतं, आणि खरी उत्तरं नुसत्या १०० आकड्यांची पट्टी. दोन्हींची वजाबाकी केली की नमपाय ब्रॉडकास्टिंग करतं, म्हणजे आकार जुळवायला आकडे आपोआप पसरवतं, आणि १०० गुणिले १०० चा तक्ता तयार होतो. म्हणजे प्रत्येक उत्तराची तुलना सगळ्याच खऱ्या उत्तरांशी होत होती. अशा वेळी मॉडेलला सर्वांत सोयीचं काय, तर सगळीकडे सरासरीच सांगायची. लॉस अडला होता तो आकडा खऱ्या उत्तरांचा व्हेरियन्स (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) होता. दुरुस्ती एका ओळीची होती.

तेव्हापासून मी ठरलेल्या क्रमाने जाते. आधी सगळे शेप छापायचे. मग फक्त पाच-दहा नमुने घेऊन मॉडेलला ते पाठ करायला लावायचे. तेवढ्यावरही लॉस शून्याजवळ जात नसेल तर दोष बहुधा कोडमध्येच असतो, आणखी डेटा किंवा वेळ देऊन तो जाणार नाही. मग ग्रेडियंट तपासायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) ठरवून ठेवायचं आणि काय बदललं ते तारखेसह लिहून ठेवायचं. रात्री दोन वाजता चार गोष्टी एकदम बदलून लॉस सुधारला, तर कशाने सुधारला ते सकाळी कोणालाच सांगता येत नाही.

फार चांगला निकाल आला तरी शंका घ्या. १,००० नमुन्यांपैकी फक्त २० पॉझिटिव्ह असतील, तर सगळ्यांना निगेटिव्ह म्हणणारं मॉडेलही ९८ टक्के अचूक ठरतं. दुसरी गोष्ट, डेटाची विभागणी करण्याआधीच सरासरी काढून स्केलिंग (सगळे आकडे एका पट्टीत आणणं) केलं असेल, तर टेस्ट सेटची (मॉडेल तपासायला राखून ठेवलेल्या भागाची) माहिती ट्रेनिंगमध्ये झिरपलेली असते. आधी विभागणी, मग फक्त ट्रेनिंगच्या भागावरून स्केलिंगचे आकडे. असाइनमेंट तपासणारे हे हटकून पाहतात.

डेडलाइन आणि प्रश्न

मॉडेल ट्रेन व्हायला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो, म्हणून असाइनमेंट मिळाली त्याच दिवशी प्रश्न वाचा आणि दिलेला कोड एकदा चालवून पाहा. डेडलाइनची वेळ विद्यापीठाच्या घड्याळाने आहे की तुमच्या, तेही तेव्हाच बघून घ्या.

लवकर सुरू करण्याचं आणखी एक कारण म्हणजे दूरशिक्षणात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला बऱ्याचदा एक दिवस जातो. 'माझं मॉडेल चालत नाही, मदत करा' असं लिहिलंत तर तो दिवस उलटप्रश्नात जातो आणि दुसरा दिवस तुमच्या खुलाशात. काय अपेक्षित होतं, प्रत्यक्षात काय आलं, काय काय करून पाहिलं आणि अडचण दाखवणारं सर्वांत छोटं उदाहरण, एवढं पहिल्याच संदेशात द्या. असा प्रश्न नीट लिहायला बसलं की अर्ध्या वेळा उत्तर लिहितानाच सापडतं. 'हे विचारलं तर हसतील का' म्हणून गप्प बसू नका. तुम्हाला काय कळलं नाही हे कळण्याचा शिक्षकांकडे दुसरा मार्ग नाही.

शक्य झालं तर आठवड्यातून एकदा एका सहाध्यायीसोबत तासभर कॉलवर बसा आणि आळीपाळीने एकमेकांना एकेक संकल्पना समजावून सांगा. सांगताना जिथे अडखळाल, तिथे खूण करून ठेवा.

चॅटबॉटकडून सोडवून घेणं

एआय शिकताना एआयची मदत घ्यावीशी वाटणं साहजिक आहे. आधी विषयाचे नियम वाचा, कारण एकाच विद्यापीठात एका विषयाला परवानगी असते आणि दुसऱ्याला नसते. परवानगी असली तरी माझं मत ठाम आहे: असाइनमेंटचं उत्तर त्याच्याकडून घेऊ नका. तिथे घालवलेले तास हाच तो अभ्यास असतो. तयार उत्तर वाचून पटतं, अगदी व्हिडिओ पाहून पटतं तसंच, आणि देखरेखीखालच्या परीक्षेत समोर फक्त कोरा कागद असतो. स्वतःचं उत्तर लिहून झाल्यावर 'मला यावर पाच प्रश्न विचार' असं सांगणं मात्र उपयोगी पडतं. तो जे सांगेल ते पाठ्यपुस्तकाशी ताडून बघा, कारण चुकीची गोष्टही तो तितक्याच ठामपणे सांगतो.

मागे पडल्यावर

आजारपण येतं, ऑफिसात काम वाढतं, दोन आठवडे हातून निसटतात. अशा वेळी बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यापासून क्रमाने सगळं भरून काढायला बसतात. तोवर वर्ग सहाव्या आठवड्यात पोहोचलेला असतो आणि अंतर तेवढंच राहतं. चालू आठवड्याबरोबर आधी जा. मागच्यातलं काय अडतंय तेवढंच शोधा आणि ते भरा, बाकीचं परीक्षेआधीच्या उजळणीसाठी ठेवा. मुदत वाढवून हवी असेल तर डेडलाइनच्या आधी लिहा. आधी मागणाऱ्याला ती सहज मिळते, नंतर मागणाऱ्याला कारणं द्यावी लागतात.

विषय सोडण्याची शेवटची तारीख सत्राच्या पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर टाका, आणि तिच्या दहा दिवस आधी दुसरी खूण करा. त्या दिवशी मागच्या तीन आठवड्यांची प्रत्येकी एक संकल्पना न बघता कागदावर मांडून बघा. तीनपैकी एकही जमली नाही आणि पुढच्या महिन्यात वेळ वाढण्याची शक्यता नसेल, तर विषय सोडा आणि पुढच्या सत्रात तो एकटाच घ्या. मी सोडलेला विषय तसाच पुन्हा घेतला होता. त्या वेळी आठवड्याचे पंधरा तास त्यासाठी बाजूला काढले, आणि प्रत्येक लेक्चरनंतर कोरा कागद.