एक ईएचकॅश, वापरणारे तीन: या चुका टाळा

कळमन्याच्या बाजारातल्या संत्र्याच्या अडत्यांसाठी लिहिलेली एखादी जुनी जावा प्रणाली डोळ्यांपुढे आणा. सौदे आणि कास्तकारांच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब) हायबरनेट (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) सांभाळतो, भावाची यादी स्प्रिंग (अॅपचे भाग जोडणारं फ्रेमवर्क) कॅश करतो, लॉगिन आणि हक्क शिरोकडे (सुरक्षेची लायब्ररी) आहेत. तिघांनाही ईएचकॅश २ (वारंवार लागणारा डेटा मेमरीत, म्हणजे कॅशमध्ये, ठेवणारी जावा लायब्ररी) लागतं. आपापल्या वेळी तिघेही ते उघडू पाहतात आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. एका अॅपमध्ये कॅश मॅनेजर (सगळ्या कॅश सांभाळणारा घटक) एक असावा, तो उघडणारा आणि बंद करणारा एकच असावा. बाकीच्यांनी तो फक्त वापरावा. खालच्या जवळपास सगळ्या चुका हे न पाळल्याने होतात.

‘याच व्हीएममध्ये दुसरा कॅश मॅनेजर आहे’

आवृत्ती २.५च्या आधी एकाच नावाचे कितीही मॅनेजर चालत. २.५पासून ईएचकॅश वरची एरर देऊन त्याला मनाई करतं, म्हणून लायब्ररी अपग्रेड केल्यावर कोडला हात न लावताही प्रणाली उठत नाही. घाईत केला जाणारा उपाय म्हणजे प्रत्येकाला वेगळं नाव देणं. त्याने एरर जाते, पण मेमरीची मर्यादा मॅनेजरगणिक लागू होते. दोन जीबी हीपमध्ये (जावाला मिळालेल्या मेमरीत) प्रत्येकाला ५१२ एमबी दिले, तर तिघे मिळून दीड जीबीवर हक्क सांगतात आणि ऐन आवकीत प्रणाली गार्बेज कलेक्शनमध्ये (नको असलेली मेमरी मोकळी करण्यात) अडकते. तिघांच्या कॅश मुद्दाम वेगळ्या ठेवायच्या असतील तर वेगळी नावं जरूर द्या, फक्त मेमरीची बेरीज आधी करा.

एकच मॅनेजर हवा असेल तर तीन ठिकाणी बदल करावे लागतात. स्प्रिंगच्या ईएचकॅश फॅक्टरी बीनमध्ये (बीन म्हणजे स्प्रिंग बनवतो आणि सांभाळतो तो घटक) ‘शेअर्ड’ला ‘ट्रू’ करा. मुळात तो ‘फॉल्स’ असतो. हायबरनेटची रीजन फॅक्टरी (त्याच्या कॅशचे विभाग, म्हणजे रीजन, बनवणारी) साधी न ठेवता सिंगलटन प्रकारची (सर्वांसाठी एकच मॅनेजर वापरणारी) द्या. शिरोच्या कॅश मॅनेजरला स्प्रिंगने बनवलेला तोच मॅनेजर सेटरने हाती द्या. तिसरी पायरी हमखास विसरली जाते, आणि मग शिरो स्वतःच्या जारमधली (लायब्ररीच्या पॅकेजमधली) फाईल उचलून आपला मॅनेजर उघडतो.

आधी येईल त्याची फाईल चालते

ही चूक सर्वांत छुपी, कारण एररच येत नाही. सिंगलटन मॅनेजर एकदा बनला की त्यानंतर दिलेली कॉन्फिगरेशन फाईल ईएचकॅश मुकाट्याने सोडून देतं. हायबरनेटची सेशन फॅक्टरी (डेटाबेसची सेशन उघडणारा घटक) स्प्रिंगच्या बीनआधी उठली, तर तुम्ही नीट लिहिलेली फाईल वाचलीच जात नाही. म्हणून सेशन फॅक्टरीच्या बीनवर ‘डिपेंड्स-ऑन’ (आधी कोणतं बीन उठावं ते सांगणारी सूचना) लावा आणि त्यात कॅश बीनचं नाव द्या. लॅपटॉपवर क्रम योग्य लागला म्हणून सर्व्हरवरही तोच लागेल, असं धरून चालू नका.

फाईल सापडलीच नाही, तर ईएचकॅश आपल्या जारमधली फेलसेफ (आपत्कालीन) फाईल वापरतं. तिच्यात डिफॉल्ट कॅशची आयुष्यमर्यादा १२० सेकंद आणि निष्क्रियतेची मर्यादाही १२० सेकंदच आहे. अशा वेळी शिरोची सेशन कॅशही (लॉगिनची नोंद ठेवणारी) या डिफॉल्टवरून तयार होते. मग वजनाच्या नोंदीसाठी थांबलेल्या अडत्याने दोन मिनिटं क्लिक केलं नाही, की त्याचं लॉगिन उडतं. दोष नेटवर्कवर किंवा ब्राउझरवर टाकला जातो आणि दिवस वाया जातो. ‘वापरकर्ते अधूनमधून बाहेर फेकले जातात’ अशी तक्रार आली की आधी स्टार्टअप लॉगमध्ये ‘फेलसेफ’ हा शब्द शोधा.

यावर उपाय असा: शिरोची सक्रिय सेशन कॅश तुमच्या फाईलमध्ये नावानिशी लिहा आणि ‘इटर्नल’ (मुदत नसलेली) ठेवा. सेशनची मुदत शिरो स्वतः तपासतो, ते काम कॅशवर सोपवू नका. नोंदींची कमाल संख्या एकाच वेळी लॉगिन असणाऱ्यांपेक्षा भरपूर मोठी ठेवा. मुदतीच्या जागी शून्य लिहिलं तर ‘लगेच संपव’ असा अर्थ होत नाही. ईएचकॅश २मध्ये शून्य म्हणजे अमर्याद.

टाइमस्टॅम्प कॅशला मुदत लावणं

हायबरनेटची क्वेरी कॅश (क्वेरींचे निकाल ठेवणारी) चालू असेल, तर कोणत्या टेबलमध्ये शेवटचा बदल केव्हा झाला याची नोंद तो वेगळ्या रीजनमध्ये (टाइमस्टॅम्प कॅशमध्ये) ठेवतो. पाच मिनिटांत सगळं साफ व्हावं म्हणून अनेक जण सरसकट ३०० सेकंद लिहून टाकतात. टाइमस्टॅम्पची नोंद गळाली की हायबरनेट ‘बदल झालाच नाही’ असं समजतो. क्वेरीचा जुना निकाल अजून जिवंत असेल, तर तो जुना भाव पुन्हा पडद्यावर येतो आणि पट्टी चुकीची बनते. कास्तकाराच्या हाती पडणाऱ्या रकमेचा प्रश्न आहे, इथे ढिलाई चालणार नाही. हे रीजन ‘इटर्नल’ ठेवा आणि त्याची नोंदसंख्या टेबलांपेक्षा जास्त असू द्या. त्याचं नाव हायबरनेटच्या आवृत्तीनुसार बदललेलं आहे (५.३मध्ये तर नक्कीच), म्हणून जुनी फाईल जशीच्या तशी उचलू नका.

बंद कोणी करायचं?

हायबरनेटची सिंगलटन फॅक्टरी फक्त स्वतःच्या सेशन फॅक्टऱ्या मोजते. शेवटची बंद झाली की ती मॅनेजरही बंद करते, शिरो तेव्हा तो वापरत असला तरी. मग लॉगमध्ये ‘कॅश इज नॉट अलाइव्ह’ असा मजकूर दिसतो. टेस्ट चालवताना हे जास्त जाणवतं: एक टेस्ट स्प्रिंगचा कॉन्टेक्स्ट (सगळ्या बीनांचा संच) बंद करते आणि पुढची विनाकारण पडते. शिरोच्या सिक्युरिटी मॅनेजरच्या बीनवरही ‘डिपेंड्स-ऑन’ लावून त्यात सेशन फॅक्टरीचं नाव द्या. स्प्रिंग उलट्या क्रमाने बंद करत असल्याने शिरो आधी जातो, मग हायबरनेट, शेवटी मॅनेजर.

एका टॉमकॅटमध्ये दोन अॅप

ईएचकॅशची जार प्रत्येक अॅपच्या लिब फोल्डरमध्ये असेल, तर क्लासलोडर (जारमधला कोड मेमरीत आणणारे भाग) वेगळे असतात आणि मॅनेजर एकमेकांना दिसत नाहीत. जागा वाचवायला जार टॉमकॅटच्या (अॅप चालवणाऱ्या सर्व्हरच्या) सामाईक लिबमध्ये हलवली, की सिंगलटनही सामाईक होतो. मग एक अॅप रिडिप्लॉय (पुन्हा तैनात) केलं की दुसऱ्याची कॅश मरते. जार अॅपमध्येच ठेवा. डिस्क कॅश वापरत असाल तर दोघांना वेगळी डिरेक्टरी द्या. एकच दिली तर ईएचकॅश इशारा देऊन स्वतःच दुसरी बनवतं आणि ती नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही.

स्प्रिंग ६मध्ये ईएचकॅश २चा आधार काढलेला आहे, त्यामुळे पुढे जाताना जेकॅशमार्गे (जावाच्या प्रमाणित कॅश इंटरफेसमार्गे) ईएचकॅश ३ घ्यावं लागतं. तिथे हायबरनेटची ‘मिसिंग कॅश स्ट्रॅटेजी’ (न सापडलेल्या कॅशचं काय करायचं ते ठरवणारी सेटिंग) लगेच ‘फेल’ करा. मूळ सेटिंगमध्ये न सापडलेलं रीजन फक्त इशारा देऊन तयार होतं, आणि नावातली एका अक्षराची चूक महिनोन्‌महिने लपून राहते. ‘फेल’ असेल तर ती पहिल्याच स्टार्टला पकडली जाते.