क्रिस्टलची फुलदाणी घरी निस्तेज का दिसते? या चुका टाळा

दुकानात लखलखणारी फुलदाणी घरी आणून टेबलावर ठेवली की अनेकांना वाटतं, आपल्याला साधी काच गळ्यात मारली. बहुतेक वेळा फुलदाणी खरीच असते. फरक इतकाच, की दुकानात तिच्यावर चारी बाजूंनी बारके दिवे रोखलेले होते आणि घरी ती ट्यूबलाइटखाली उभी आहे.

पारंपरिक क्रिस्टल म्हणजे शिसं घातलेली काच. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट या इंग्रज माणसाने 1674 मध्ये अशा काचेचं पेटंट मिळवलं. युरोपातल्या नियमांप्रमाणे ‘लेड क्रिस्टल’ म्हणवून घ्यायचं तर त्यात निदान 24 टक्के लेड ऑक्साइड लागतं. शिशामुळे काच उजेड जास्त वाकवते, म्हणून चमकते. त्याच शिशामुळे ती मऊही होते. मऊ असल्यामुळे तिच्यावर खोल पैलू पाडता येतात, पण चरेही लवकर पडतात. आता बिनशिशाचं क्रिस्टलही भरपूर मिळतं; उजेडाचे नियम त्यालाही तेच.

जागा चुकते ती उजेडामुळे

ट्यूबलाइटचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो. त्यात खोली उजळते, पण पैलू झोपून राहतात. त्यांना एका बाजूने येणारा, छोट्या दिव्याचा उजेड हवा. रात्री खोलीतले दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च फुलदाणीभोवती हळूहळू फिरवून बघा. एका ठरावीक कोनात ती एकदम पेटल्यासारखी दिसेल आणि भिंतीवर कवडसे उमटतील. टेबललॅम्प त्याच बाजूला ठेवायचा.

मागची भिंत पांढरीशुभ्र असेल तर पैलूंच्या कडा तिच्यात विरून जातात. गडद लाकूड किंवा गडद रंगाची भिंत असली की तीच फुलदाणी उठून दिसते. खाली फुलाफुलांचं टेबलक्लॉथ तर नकोच. प्रत्येक पैलूत ती नक्षी तुकड्या-तुकड्यांनी दिसते आणि नजरेला नुसता गोंधळ जाणवतो. वेगवेगळ्या नक्षीच्या तीन फुलदाण्या शेजारी मांडल्या तरी हेच होतं.

मात्र उजेड हवा म्हणून थेट उन्हात ठेवू नका. पाण्याने भरलेली गोलसर फुलदाणी भिंगासारखं काम करते. ऊन एका बिंदूवर एकवटलं तर पडदा किंवा कागद करपू शकतो, पेटूही शकतो. खिडकीतून उजेड येऊ दे, ऊन नको.

फुलं

फुलदाणी नक्षीदार असेल तर फुलं एकाच जातीची, फार तर दोन रंगांची घ्या. दोघांनीही मिरवायचं ठरवलं की कोणाकडेच लक्ष जात नाही. दांड्यासकट फुलांची उंची फुलदाणीच्या साधारण दीडपट ते दुप्पट ठेवा.

पारदर्शक भांड्यात देठही सजावटीचाच भाग असतात, हे विसरायला होतं. पाण्याखाली येणारी पानं खुडून टाका, नाहीतर ती कुजतात, पाणी गढूळ होतं आणि क्रिस्टलमधून ते जास्तच नजरेत येतं. दर दोन दिवसांनी पाणी बदला. आधाराला हिरवा फोम वापरू नका, तो बाहेरून दिसतो. गोट्या किंवा खडे घालायचे असतील तर फुलदाणी तिरपी धरून एकेक खडा घरंगळत सोडा. वरून टाकलेल्या एका खड्यानेही बुडाला तडा जाऊ शकतो.

पांढरट कडं

बाहेरगावी जाताना मी एकदा फुलं काढली, पाणी मात्र फुलदाणीत तसंच राहिलं. तीन आठवड्यांनी परतले तेव्हा पाणी आटत गेलं होतं आणि आतून एकावर एक पांढरी कडी उमटली होती. साबणाने ढिम्म हलली नाहीत. मग कोमट पाण्यात तितकंच पांढरं व्हिनेगर मिसळून तासभर भरून ठेवलं, चमचाभर कच्चे तांदूळ टाकून हलकेच गोल फिरवलं. कडी निघाली, पण तळाशी एक पुसट रेघ राहिली, ती आजही आहे.

यामागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्यातले क्षार काचेवर बसलेले असतील तर ते व्हिनेगरने विरघळतात. काचेचा पृष्ठभागच झिजला असेल तर उपाय नाही, फार तर कारागिराकडून पॉलिश करून घेता येतं. ओल्या काचेवर दोन्ही डाग दिसेनासे होतात, म्हणून ‘गेला, गेला’ म्हणण्याआधी पूर्ण कोरडी करून बघा. घासायला तारेची घासणी किंवा वाळू वापरलीत तर क्षार जातील आणि चरे येतील.

झीज होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डिशवॉशर. त्यातला उष्मा आणि तीव्र डिटर्जंट, दोन्ही शिशाच्या क्रिस्टलला सोसत नाहीत. हाताने, कोमट पाण्यात धुवा. सिंकमध्ये जाड टॉवेल अंथरा, बोटातल्या अंगठ्या काढून ठेवा. गार फुलदाणीत कढत पाणी ओतलंत तर ती तडकू शकते. शिशाच्या फुलदाणीत सरबत किंवा प्यायचं पाणी भरून ठेवू नका, शिसं त्यात उतरतं.

वाळवताना ती काठावर पालथी ठेवायची सवय मोडा. काठ हाच तिचा सर्वांत कच्चा भाग. टॉवेलवर आडवी कलंडून ठेवा. गळा अरुंद असेल तर मऊ सुती कापडाची सुरळी करून बुडापर्यंत सोडा आणि रात्रभर तशीच राहू द्या, उरलेलं पाणी ती शोषून घेते.